काडीकचरा, यीस्ट आणि इंधन
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षी आपल्या शिक्षणनिधीकडे एका विद्यार्थिनीचा अर्ज आला होता. उच्च शिक्षणासाठी तिला साहाय्य हवे होते, आणि विषयाच्या रकान्यात तिने 'यीस्टकरवी अल्कोहोलची निर्मिती' असे प्रामाणिकपणे लिहिले होते. समितीतील काही ज्येष्ठांनी तो अर्ज बाजूस ठेवला. दारू गाळण्याच्या शिक्षणास ज्ञातीचा पैसा द्यावा काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. व्यसनाने धुळीस मिळालेली घरे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ते हा शब्द वाचून दचकले तर नवल नाही. परंतु ती मुलगी नेमके काय शिकू पाहते हे तिला कोणी विचारले नाही. आणि आम्हीही त्या बैठकीस असून मौन पाळले, याची आम्हांस रुखरुख आहे. म्हणून आज तोच विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत.

यीस्ट म्हणजे किण्व. डोळ्यांस न दिसणारा हा एकपेशीय जीव मनुष्याचा फार जुना चाकर आहे. पावभट्टीत पीठ फुगविणारा तोच, आणि गोव्याकडे पावाच्या पिठात माडाची सूर घालीत तीही त्याच्यासाठीच. साखर खाऊन तो अल्कोहोल व कर्बवायू बाहेर टाकतो. रसायनशास्त्राचा हिशेब असा की, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते. उरलेले वायुरूपाने निघून जाते. या अल्कोहोलालाच इथेनॉल म्हणतात, आणि मोटारीच्या पेट्रोलात मिसळतात ते हेच. भारतात हे मिश्रण २०२५ साली शेकडा २० पर्यंत पोहोचले. मात्र ते मुख्यतः उसापासून आणि मका-तांदळासारख्या धान्यापासून काढलेले आहे. ज्या जमिनीने आणि ज्या पाण्याने अन्न पिकवावयाचे, त्यांचा वाटा इंधनाकडे जातो हे कोणाही विचारी माणसास खटकणारच.

मग धान्य माणसाने खावे आणि इंधन काडीचे करावे, ही कल्पना सहजच सुचते. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे चिपाड आणि आमच्या वऱ्हाडातील पऱ्हाटी यांतही साखरच आहे. अशा कोरड्या पदार्थाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेच्या साखळ्यांनी बनलेला असतो. परंतु ही साखर वनस्पतीने खाण्यासाठी ठेवलेली नसून उभे राहण्यासाठी बांधलेली असते. सेल्युलोज हे तिचे वासे, हेमिसेल्युलोज ही वाशांना बांधणारी दोरी, आणि लिग्निन नावाचा चिवट पदार्थ हा वरून दिलेला गिलावा. यीस्ट या घराच्या दाराशी उपाशी उभे असते. बैल मात्र तोच कडबा खाऊन नांगर ओढतो. पण त्यातही बैलाची स्वतःची करामत थोडी. त्याच्या पोटात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याच्याकरिता कडबा फोडीत असतात. यीस्टला अशा जीवांची विद्या शिकवावी, हाच या शास्त्राचा खटाटोप होय.

ही विद्या कोठून कोठून मिळाली हे ऐकण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व कपडे पाहता पाहता कुजू लागले. कारण शोधता एक बुरशी सापडली. सेल्युलोज विरघळविणारी पाचकद्रव्ये ती मुबलक निर्माण करी. तिच्यावर आयुष्य वेचणारे शास्त्रज्ञ एल्विन रीस यांच्या सन्मानार्थ तिला पुढे 'ट्रायकोडर्मा रीसी' असे नाव मिळाले. सैन्याचा जो शत्रू तोच काडी फोडणाऱ्यांचा मित्र ठरला. कारखान्यांत आजही प्रथम वाफेने व आम्लाने काडी मऊ करतात, मग अशा बुरशीची पाचकद्रव्ये घालून तिची साखर मोकळी करतात.

येथे दुसरी अडचण उभी राहते. काडीतून निघणारी सर्व साखर ग्लुकोज नसते. हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची पाच कर्बाणूंची साखर निघते, आणि आपले नेहमीचे यीस्ट तिला तोंड लावीत नाही. पंगतीतील मोठा वाटा तसाच टाकून उठणाऱ्या पाहुण्यासारखी ही गत झाली. लाकूड खाणाऱ्या कीटकांच्या संगतीत राहणारे एक वेगळे यीस्ट आहे, ते झायलोज पचविते. त्याची जनुके नेहमीच्या यीस्टमध्ये घालून, ग्लुकोज व झायलोज ही दोन्ही आंबविणारे यीस्ट अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९३ साली सिद्ध केले. या विदुषीचे नाव आमच्या भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

तरीही काम पुरे झाले नव्हते. या मार्गात झायलोजचे रूपांतर दोन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीचा कारागीर ज्या नाण्यात मजुरी मागतो, त्याहून निराळ्या नाण्यात दुसरा पैसे परत करतो. हिशेब जुळत नाही आणि माल मध्येच अडून राहतो. ही गाठ सोडविण्यास जे साहाय्य आले ते हत्तीकडून! भारतीय हत्तीच्या विष्ठेतून मिळालेल्या 'पायरोमायसिस' नावाच्या बुरशीत हेच काम एका पायरीत करणारे पाचकद्रव्य आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक यीस्टमध्ये घालून ते उत्तम चालते असे २००३ साली दाखविले. मग ते यीस्ट झायलोजवरच पिढ्यान्‌पिढ्या वाढवून, त्यातील चपळ तेवढे निवडीत गेले. आपला शेतकरी बियाणे निवडतो ती रीत हीच.

पुढे पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीचीही पाळी आली. यीस्टपुढे दोन्ही साखरा ठेवल्या तर ते प्रथम ग्लुकोज संपविते आणि मगच झायलोजकडे वळते. यात वेळ फुकट जातो. या बुरशीपासून ग्लुकोजची जोडसाखळी पेशीच्या आत ओढून घेणारी व आत नेऊन फोडणारी जनुके अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०१० व २०११ मध्ये यीस्टला दिली. ग्लुकोज आतच फुटू लागल्यामुळे बाहेरच्या झायलोजशी त्याची स्पर्धा उरली नाही, आणि दोन्ही खाणी एकाच वेळी चालू लागल्या.

आता सर्वांत मोठी आकांक्षा अशी की, पाचकद्रव्ये निराळी विकत न घेता यीस्टनेच ती निर्माण करावी, काडी फोडावी आणि आंबवावीही. आमच्या मते या बाबतीत अद्याप बरीच मजल मारावयाची आहे. ट्रायकोडर्मा लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक पाचकद्रव्य बाहेर टाकू शकते. यीस्टचा हात त्यापुढे फारच आखडता. शिवाय ही द्रव्ये सुमारे ५० अंश उष्णतेवर जोमाने काम करतात, तर यीस्टला ३० ते ३५ अंश मानवतात. त्यात काडी मऊ करताना निघणारी ॲसेटिक आम्लादी द्रव्ये यीस्टला विषासारखी बाधतात.

आणि समजा यीस्ट सर्वगुणसंपन्न झाले, तरी काडी कारखान्यापर्यंत आणावयाची कोणी? काडी हलकी, पसरट, मातीने माखलेली. गाडीभर नेली तरी वजन थोडे. अमेरिकेत आयोवा राज्यातील एमेट्सबर्ग येथे २०१४ साली मोठ्या समारंभाने सुरू झालेला कारखाना २०१९ मध्ये थांबविण्यात आला. रुमानियातील पोदारी येथील कारखान्याचेही दार २०२३ मध्ये बंद करण्याचे ठरले. आपल्याकडे हरियाणात पानिपत येथे २०२२ साली असा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. त्याची तंत्रविद्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजची आहे, ही आपणां मराठी माणसांस अभिमानाची गोष्ट. वर्षास सुमारे २ लाख टन भाताच्या काडापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. म्हणजे टनामागे १५० लिटर. कोरड्या काडीतील सारी साखर हाती लागली तर कागदावरचा आकडा ४०० लिटरच्या आसपास जातो. काडीतील ओल, राख आणि वाटेतील गळती वजा जाता जे अंतर उरते, ते कमी करणे हे यीस्ट घडविणाऱ्यांचे काम आहे.

पऱ्हाटी दारात पेटवून देणारे किंवा चुलीत घालणारे आपल्यापैकी पुष्कळ आहेत. तिला उद्या किती भाव येईल याचा वायदा आम्ही करणार नाही. पेंढ्याहून ती लाकडी आणि फोडण्यास अवघड आहे. परंतु तो भाव ज्यांच्या विद्येवर अवलंबून राहील, त्यांत आपल्या ज्ञातीची एक मुलगी असू इच्छिते.

त्या विद्यार्थिनीने यंदा पुन्हा अर्ज केला आहे, विषयाचे नाव न बदलता. उद्या सकाळच्या बैठकीत तो सातव्या क्रमांकावर आहे. तो वर घ्यावा आणि तिला समक्ष बोलावून तिचे म्हणणे ऐकावे, अशी सूचना आम्ही मांडीत आहोत. समितीपैकी कोणी तिला अनुमोदन द्यावे.