व्याजदर, अनिश्चितता आणि आपला हप्ता
(कोसाड येथील सभेत मांडलेले विचार)



1943 मध्ये आपले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती बँक व्याजदर कसा ठरवते, हे विचारायला कचरतो. लूमवर आणि डाईंग मिलमध्ये राबून घराचे हप्ते भरणाऱ्यांनी तरी ते विचारले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

2016 पासून सहा जणांची समिती रेपो दर ठरवते. महागाई 4 टक्क्यांवर, फार तर 2 ते 6 च्या दरम्यान ठेवायची. अडचण अशी, की आज दर बदलला तर परिणाम दिसायला अनेक महिने जातात. तोवर पाऊस कसा पडेल, तेल किती चढेल, कोणालाच ठाऊक नसते. शिवाय 2012 पायावरच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे 46 टक्के होता, आणि व्याज वाढवून कांदा पिकत नाही! अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम ब्रेनार्ड यांनी 1967 मध्येच दाखवले, की उपाय किती लागू पडेल याची खात्री नसेल तर मात्रा लहान ठेवावी. आम्हांला ते पटते. पण लहान मात्रा म्हणजे उशीर नव्हे.

2022 मध्ये उशीर झाला, असे आमचे मत आहे. जानेवारीपासूनच महागाई 6 च्या वर होती, त्यात युक्रेनचे युद्ध. रेपो मात्र मे 2020 पासून 4 टक्केच. मग 4 मे 2022 रोजी अचानक 4.40, आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50! वीस वर्षांच्या दहा लाखांच्या कर्जाचा 7 टक्क्यांनी हप्ता 7,753 रुपये. साडेनऊ टक्क्यांनी 9,321. जुनाच हप्ता ठेवला तर दहा लाखांवर महिन्याचे व्याजच 7,917 होते, म्हणजे मुद्दल फिटण्याऐवजी वाढते.

सलग तीन तिमाही मर्यादा मोडली, म्हणून कायद्याप्रमाणे बँकेने केंद्र सरकारला कारणांचे पत्र दिले. ते जनतेपुढे ठेवले नाही. इंग्लंडमध्ये असे पत्र उघड छापतात. हप्ता आम्ही भरायचा आणि कारण सरकारने वाचायचे, हा कुठला न्याय? अशी पत्रे खुली व्हावीत, ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी द्यावी, असा ठराव आम्ही मांडत आहोत.

आणखी एक. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला दिली. बँकेत जाल तेव्हा हे तोंडी नको, लेखी मागा.