विनामूल्य मैफलीचे मोल

१८८६ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी गायनशाळा स्थापिली व ती मौलाबक्ष यांच्या हाती सोपविली. दरबारात कोंडलेली विद्या सामान्यांच्या मुलांना खुली झाली. तीच शाळा पुढे सयाजीराव विद्यापीठात सामावली आणि तेथे गायन-वादनाबरोबर तंजावरी परंपरेचे भरतनाट्यही शिकविले जाऊ लागले.

शिकण्याचे दार असे उघडले, परंतु ऐकण्याचे? तिकिटाच्या खिडकीशी कित्येकांची पावले आजही अडखळतात. म्हणून एखादे महाविद्यालय गायन-नृत्याची मालिका सर्वांसाठी विनामूल्य योजते, तेव्हा ते त्या गायनशाळेचेच अपुरे कार्य पुढे नेत असते. हा केवळ श्रोत्यांवरील उपकार नव्हे. वर्गात गुरू चूक दाखवितो. पण समेवर येताना अनोळखी सभागृहाची मान डोलते की नाही, हे विद्यार्थ्याला व्यासपीठावरच कळते.

फुकट ते कवडीमोल, अशी आपली समजूत असते. तिकीट नसले तरी मोल द्यावेच लागते: वेळेवर येण्याचे, शांत बसण्याचे आणि नवशिक्याचा सूर क्षणभर ढळला तरी उठून न जाण्याचे.