हे कुठं लिहिलंय?



आज इतिहासाविषयी चार शब्द बोलतो. आधी माझीच एक चूक सांगतो.

गेल्या साली आमच्या गावात मोबाईलवर एक मजकूर आला. गावातल्या एका घराण्याच्या पूर्वजाने शत्रूला किल्ल्याची वाट दाखवली, असे त्यात होते. मी तो वाचला आणि पुढे दोघांना पाठवला. चार दिवसांनी त्या घरचा मुलगा माझ्याकडे आला. शाळेत त्याच्याशेजारी कोणी बसेना. तो म्हणाला, "गुरुजी, हे कुठं लिहिलंय?"

मी गप्प झालो. जन्मभर इतिहास शिकवला, पण एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

मंडळी, इतिहासाला साक्षीदार लागतो. कसा, ते पाहा.

शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ साली झाला, असे पूर्वी पुष्कळ पुस्तकांत असे. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुने टिपण मिळाले. त्यात सालवार नोंदी होत्या. त्याला जेधे शकावली म्हणतात. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली छापली. तीत जन्मतिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

आता एकाच कागदावर कसे विसंबायचे? दुसरे साक्षीदारही मिळाले. कवींद्र परमानंदांनी महाराजांच्याच काळात लिहिलेले 'शिवभारत' तंजावरला सापडले. त्यात तीच तिथी. राजस्थानात जोधपूरला महाराजांची जन्मपत्रिका मिळाली. तिच्यातही तीच. कागद तीन, मुलूख तीन, पण बोलणे एक. तरी वाद बरीच वर्षे चालला. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

जुनी तारीख सुटली म्हणून महाराजांचे थोरपण कमी झाले का? मुळीच नाही.

आमच्या गावच्या त्या मजकुराला मात्र ना कागद, ना साल, ना लिहिणाऱ्याचे नाव. मी शाळेत गेलो. मुलांसमोर माझी चूक कबूल केली. ज्यांना मजकूर पाठवला होता, त्यांच्याही घरी जाऊन आलो. पण तोवर तो आणखी किती घरी पोचला, देव जाणे!

तुम्ही आता वाचायला शिकलात. फार चांगले झाले. पण छापले म्हणून खरे, असे समजू नका. तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? त्याला हे कशावरून कळले? दुसरा कोणी तेच सांगतो का? उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका.

आणि घरच्या पेटीत जुना मोडी कागद असेल, तर तो जाळू नका, नदीत सोडू नका. जाणत्याला दाखवा. जेध्यांच्या घरी ते टिपण जपले गेले, म्हणून आज आपल्याला खरी तिथी ठाऊक आहे.

राम राम.