पोर्तुगालची गावे आणि आपला किनारा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



'पोर्तुगालमधील पाहण्याजोगी शहरे' असा विषय कार्यवाहांनी मला नेमून दिला आहे. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहूनही लहान. उत्तरेस व पूर्वेस स्पेन, उरलेल्या दोन बाजूंस अटलांटिक महासागर. प्रवासी कंपन्यांची पत्रके जी शहरे दाखवितात ती सुंदर आहेतच. पोर्तो येथे दोऊरो नदीवरचा १८८६ सालचा दुमजली लोखंडी पूल पाहावा. कोइंब्राच्या विद्यापीठातील जुन्या ग्रंथालयात रात्री वटवाघळे हिंडतात आणि पुस्तके खाणारे किडे टिपतात. म्हणून मेजांवर रोज चामड्याची आच्छादने घालावी लागतात. एव्होराकडे जाताना बुचाच्या झाडांच्या बुंध्यांवर आकडे रंगविलेले दिसतील. साल कोणत्या वर्षी काढली याची ती नोंद. पुढची साल नऊ वर्षांनी निघते. एवढे सांगून मी ही शहरे सोडतो. पत्रकांत ती आहेतच. पत्रकांत जे नाही त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

लिस्बनपासून आरंभ करू. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सणाच्या सकाळी, येथे प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्र चढून आला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. आज सखल भागात जे काटकोनी रस्ते दिसतात ते त्यानंतर पोंबालच्या मार्क्विसने घडविलेल्या पुनर्रचनेतले. भिंतींच्या पोटात लाकडी सांगाडा घालून हादरा सोसणारी घरे तेथे उभारण्यात आली. कार्मो मठाच्या मुख्य मंदिराला मात्र पुन्हा छप्पर पडले नाही. त्या उघड्या कमानींखाली उभे राहिले म्हणजे वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चे आठवल्यावाचून राहत नाहीत.

नदीकाठाने पश्चिमेस बेलेम लागते. वास्को द गामाची समाधी तेथील मठात आहे, आणि त्याच मठात राजांच्या शवपेट्या दगडी हत्तींनी पाठीवर तोलल्या आहेत. जवळच्या बुरुजावर एका छत्रीखाली गेंड्याचे झिजलेले डोके शोधून काढावे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडून मिळालेला गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून पाठविला. १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. ड्यूररने तो प्रत्यक्ष न पाहताच त्याचे जगप्रसिद्ध चित्र काढले. पुढे राजाने तो पोपला नजर केला आणि वाटेत जहाजासह बिचारा बुडाला.

सिंत्रा येथे सर्वजण राजवाडे पाहतात. पण तेथेच, १५४५ ते १५४८ या काळात गोव्याहून कारभार पाहिलेल्या जुआंव द कास्त्रोची बाग आहे. त्या बागेत सोमनाथाकडील एक संस्कृत शिलालेख जाऊन पडला. शारंगदेव वाघेल्याच्या काळचा, विक्रम संवत १३४३ चा हा लेख एकोणिसाव्या शतकात ब्यूलर यांनी संपादून प्रसिद्ध केला. आमच्या घारापुरीचा शिलालेख इतका भाग्यवान ठरला नाही. तो काढून राजाकडे पाठविला, तेथे वाचणारा कोणी मिळाला नाही, असे दियोगु द कोउतु लिहून ठेवतो. पुढे तो नाहीसाच झाला. ती लेणी कोणी कोरविली या प्रश्नाचे उत्तर त्या दगडावर असेल काय, ही रुखरुख अभ्यासकांना आजही आहे. आपणही काही कमी केले नाही म्हणा! १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे.

या देण्याघेण्यात शब्द मात्र कोणी लुटून नेले नाहीत, ते आपसूक राहिले. तेथील बाजारात पाव, बटाटा, चावी, साबण, फीत हे शब्द थोड्या निराळ्या उच्चाराने कानी पडतात. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे अप्रूप अधिक. उलट आपल्याकडची 'कांजी' तेथे 'कांजा' होऊन आजाऱ्याला दिली जाते. शाकाहारी मंडळींनी मात्र नावावर भुलू नये. तिच्यात कोंबडी असते.

आता शेवटचे. लिस्बनहून काश्कायशच्या रम्य किनाऱ्याकडे जाणारी आगगाडी बेलेमनंतर काशियास या स्थानकावरून जाते. प्रवाशांपैकी फारच थोडे तेथे मान वर करून पाहतात. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक होते. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले, त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना काशियासच्या तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्याने त्यासाठी गोळ्या झेलल्या तो मात्र त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ परमुलखात बंदिस्त राहिला. सुधीर फडके यांनी विमोचन समितीद्वारे सतत खटपट केली आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. २०१९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे 'सतीचे वाण' आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात असावे, अशी माझी विनंती आहे.

त्याहून उत्तरेस, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर पेनिश हे कोळ्यांचे गाव आहे. १९४६ च्या आंदोलनानंतर टी. बी. कुन्हा, डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर यांना तेथील किल्ल्यात ठेवले होते. सालाझारला विरोध करणारे पोर्तुगीजही त्याच किल्ल्यात कोंडलेले असत, हे आपण विसरू नये. त्या देशातील सामान्य माणसाचा आणि गोमंतकीयांचा तुरुंग एकच होता. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनला क्रांती झाली आणि पाठोपाठ ते कैदी सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्या किल्ल्यात २०२४ पासून प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. पेनिशला रेल्वे जात नाही. लिस्बनहून बसने जावे, आणि एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.