बिनब्रेकची सायकल



आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी बिनब्रेकची सायकल घरी आणली. तिला फ्रीव्हील नाही. चाक फिरते तोवर पॅडलही फिरणारच. वेग आवरायचा तो पायांनी उलट जोर देऊन. पुण्यास १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीस जे संकुल उभे राहिले, त्यातील व्हेलोड्रोम अशाच सायकलींसाठी आहे. तेथे शर्यतीत ब्रेकला मनाई असते, आणि ते योग्यच. सारे एका दिशेने धावतात, एक जण एकाएकी थबकला तर मागचा त्याच्यावर आदळेल. पण मल्लेश्वरमच्या उतारावर रिक्षा आडवी येते!

एका रविवारी पहाटे आम्हीच ती चालवून पाहिली. जन्माची सवय, उतार लागताच पाय स्थिर धरले, तोच पॅडलने आम्हांस सीटवरून उचलले. आठवडाभर कार्यालयाचा जिना लंगडत चढलो.

घरात वाद पेटला. चिरंजीव म्हणाले, पाय हाच ब्रेक. आम्ही बी. ए.; तरीही एवढे समजते की, वेग आवरताना भार पुढे येतो, मागचे चाक हलके होऊन घसरते. म्हणून पुढच्या चाकाला तरी ब्रेक हवाच. अखेर तो बसविला. त्याला हात लावावा लागत नाही, असे ते सांगतात. रबरे मात्र झिजलेली आम्ही पाहिली आहेत.