रिंगणात उतरणाऱ्या मुली आणि आपण

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं शिबिर जालना इथं झालं. त्यातल्या भाषणाचा हा मजकूर.)



विषय जाहीर झाला तेव्हा मागे बसलेल्या दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिलं. मीसुद्धा हसले होते. हुंडा, पोटगी, रेशनकार्ड, दारूबंदी यात आपले दिवस जातात. त्यात किकबॉक्सिंग कुठून आलं? तर ते मुलींनी आणलं. आमच्या वस्तीतल्या किशोरी गटाला मी विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत काय शिकायचंय? मला वाटलं शिवण, मेंदी, फार तर कॉम्प्युटर म्हणतील. चौघी एकदम म्हणाल्या, ‘ताई, फायटिंग!’

समाजकार्याच्या पदवीत गटकार्य शिकले, समुदाय संघटन शिकले, पण गुडघा वर घेऊन लाथ कशी मारायची ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी प्रशिक्षकांना विचारलं, मुलींबरोबर स्पर्धांना जाऊन बसले, नियम वाचले. त्यातून जे कळलं, आणि माझं जे चुकलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली शंका आपल्यातलीच. हिंसेच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या आपण मुलींना मारायला शिकवायचं का? मलाही हा प्रश्न पडला होता. पहिली लढत पाहिली तेव्हा तो थोडा सुटला. दोन मुली समोरासमोर उभ्या, वजन सारखं, वय सारखं, दोघींच्या अंगावर सारखीच संरक्षक साधनं. दोघी आपल्या मर्जीने आलेल्या. पंच ‘स्टॉप’ म्हणाला की हात तिथल्या तिथे थांबतो. लढत संपली की दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करतात. आपल्याकडे रात्री अकराला दार वाजवणाऱ्या बाईच्या घरात यातलं काय असतं? ना सारखं वजन, ना मर्जी, ना थांब म्हणणारा पंच. तेव्हा या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नये, असं माझं मत झालं.

दुसरी शंका घरच्यांची. ‘हे पोरींचं काम नाही.’ आपल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. बलोपासना हा शब्द आपल्याला परका नाही. गावोगाव मारुतीचं देऊळ आहे, कुठे त्याच्या बाजूला तालीमही आहे. पण त्या तालमीच्या लाल मातीला मुलीचा पाय लागायला किती काळ गेला? पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ सालापासून चालू आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली ती २०२३ च्या मार्चमधे. मधे बासष्ट वर्षं गेली. ऑलिंपिकमधे बायकांचं बॉक्सिंग आलं तेच २०१२ साली, आणि त्याच वर्षी मेरी कोमने ब्राँझपदक आणलं. आपल्या जालन्याहून सुटणारी गाडी परभणी, नांदेड, बासर करत निजामाबादला जाते. त्या निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी दोनदा बॉक्सिंगची जगज्जेती झाली. घरी बोलताना मी हे निजामाबादचं उदाहरण आवर्जून देते. मुंबई-दिल्लीचं नाव घेतलं तर आया म्हणतात, ‘ते मोठ्या लोकांचं.’ निजामाबाद म्हटलं की ऐकतात. कुणाची तरी नणंद तिकडे दिलेली असते.

किकबॉक्सिंगमधलं नाव हवं असेल तर काश्मीरमधल्या बांदीपोऱ्याची तजामुल इस्लाम. २०१६ साली इटलीतल्या आंद्रियाच्या जागतिक स्पर्धेत तिने लहान गटात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. २०२१ साली कैरोला पुन्हा सुवर्ण.

आता खेळाबद्दल. जपानमधे कराटे आणि थायलंडची मुष्टियुद्धाची पद्धत यांच्या मेळातून हा खेळ उभा राहिला, सत्तरच्या दशकात अमेरिका-युरोपात पसरला. ‘वाको’ ही त्याची जागतिक संघटना १९७६ ची. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला पूर्ण मान्यता दिली. मान्यता मिळाली म्हणजे खेळ ऑलिंपिकमधे आला असं नाही. कुणी क्लासवाला ‘तुमची मुलगी ऑलिंपिकला जाईल’ म्हणाला, तर त्याला हा फरक विचारा.

खेळ एक असला तरी प्रकार बरेच आहेत, आणि मुलीला कुठल्या प्रकारात घालायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ढोबळ मानाने दोन घरं धरा. एक मॅटवरचं, दुसरं रिंगमधलं.

मॅटवरच्या पॉइंट फायटिंगमधे गुण झाला की पंच लढत थांबवतात. तिघांपैकी दोघांनी गुण दाखवला तरच तो धरला जातो. हाताचा ठोसा किंवा अंगावरची लाथ याला १ गुण, डोक्यावरच्या लाथेला २, उडी मारून डोक्यावर लाथ बसली तर ३. पण मार हलका हवा. जोरात मारलं तर ताकीद मिळते, वर गुण जातो. इथे चपळाई आणि अंतराचा अंदाज लागतो, ताकद नंतर. लाइट कॉन्टॅक्टमधे लढत मधे थांबत नाही, सलग चालते, मात्र मार हलकाच. किक लाइट तसंच, फक्त मांडीवर लाथ मारायची मुभा असते. शिवाय म्युझिकल फॉर्म्स नावाचा प्रकार आहे. त्यात समोर कुणी नसतं. संगीताच्या तालावर आपल्या हालचाली दाखवायच्या. मार खायची भीती वाटणाऱ्या मुलीला तिथून आत येता येतं.

रिंगमधे तीन प्रकार आहेत : फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन. इथे पूर्ण ताकदीने मारतात. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मधे एक मिनिट विश्रांती. फुल कॉन्टॅक्टमधे कमरेच्या वरच मारायचं, लो किकमधे मांडीवरही, के-वनमधे गुडघाही चालतो. लहान मुलींनी इथे जायचंच नाही. नवीन मुलगी मोठी असली तरी आधी मॅटवर वर्ष-दोन वर्षं काढू दे. पहिल्या तीन महिन्यांत मुलीला रिंगमधे उतरवू म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडून मुलगी परत आणा.

आता एक बारीक गोष्ट, पण आपल्या वस्त्यांमधे तीच मोठी ठरते. पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट आणि फुल कॉन्टॅक्ट यांत लांब पँट घालतात. किक लाइट, लो किक आणि के-वन यांत आखूड चड्डी घालावी लागते. आमच्या दोन मुलींच्या वडिलांचा सगळा विरोध चड्डीला होता, खेळाला नव्हताच. लांब पँटचा प्रकार आहे कळल्यावर त्यांनी सही केली. कपड्यांबद्दल आपलं मत काहीही असो, मुलगी आधी मैदानात आली पाहिजे. पुढचं ती स्वतः भांडून घेईल.

पायऱ्या अशा. आधी क्लब, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि पुढे आशियाई-जागतिक. शालेय स्पर्धांची वाट वेगळी : जिल्हा, विभाग, राज्य. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून चालते. वय आणि वजन यांप्रमाणे गट पडतात. क्लबमधे रंगीत पट्ट्यांच्या परीक्षा असतात, त्यांची फी घेतात. पट्टा ही शिकण्याची खूण झाली, स्पर्धेतली पायरी झाली नाही. दर दोन महिन्यांनी पट्ट्यासाठी पैसे मागत असतील तर विचारा, माझ्या मुलीची जिल्हा स्पर्धा कधी?

संघटना पुष्कळ आहेत, नावंही एकमेकींसारखी. वाकोशी जोडलेली देशातली संघटना म्हणजे वाको इंडिया किकबॉक्सिंग फेडरेशन. दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यासाठी कुठल्या खेळाचं, कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं, त्याचे नियम सरकार ठरवतं आणि बदलतंही. म्हणून फी भरण्याआधी क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, जमलं तर लेखी घ्या. मुलीने दोन वर्षं घाम गाळायचा आणि शेवटी प्रमाणपत्र चालत नाही म्हणून ऐकायचं, असं होऊ देऊ नका.

सामानाचा खर्च गटाने वाटून घेता येतो. हेल्मेट, ग्लोव्हज, नडगीचं आणि पावलाचं गार्ड, छातीचं गार्ड हे चार-पाच जणींत चालतं. दातांचं गार्ड मात्र प्रत्येकीचं स्वतःचं.

आता माझी चूक सांगते. आमची एक मुलगी पन्नास किलोच्या गटात होती. आदल्या दिवशी वजन दीड किलो जास्त भरलं. कुणीतरी म्हणालं, आज जेवू नको, पाणी कमी पी. मी तिथेच होते आणि गप्प बसले, कारण मलाही ती खेळायला हवी होती. सकाळी वजन बसलं आणि वजनकाट्यावरून उतरताना पोरगी चक्कर येऊन पडली. नंतर रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आधीपासूनच कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमधे रक्त कमी आहे. हे आकडे मी चार्टवर लिहून बैठकीत शिकवते, आणि माझ्यासमोरच्या मुलीत मला दिसलं नाही. त्या दिवसापासून आमचा नियम आहे. नाव घालण्याआधी रक्त तपासायचं. वजन जास्त असेल तर वरच्या गटात खेळायचं, उपाशी राहायचं नाही. सरावानंतर गूळ-शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, चालत असेल त्या घरी अंडं. शेवटचं जेवणारी घरातली मुलगीच असते, हे आईशी बोलल्याशिवाय बदलत नाही. म्हणून आयांची बैठक आधी घ्या, ग्लोव्हज नंतर.

दुसरा विषय सुरक्षिततेचा. २०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगीर आपण सर्वांनी पाहिल्या. देशासाठी पदकं आणणाऱ्या बायकांना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी रस्त्यावर बसावं लागलं, तर आपल्या तालुक्यातली चौदा वर्षांची मुलगी कुणाकडे जाणार? या खेळात शिकवताना अंगाला हात लागतोच, म्हणून आधीच ठरवायला हवं. पवित्रा दुरुस्त करायचा तर सांगून, सगळ्यांसमोर. बंद खोलीत एकटीचा सराव नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला बरोबर बाई पाहिजेच, आणि झोपायची सोय वेगळी. रात्रीचे फोन-मेसेज नाहीत. हे कागदावर लिहून प्रशिक्षकाची सही घ्या. चांगला माणूस रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, प्रशिक्षणाच्या जागाही येतात. मुलींना हे पहिल्याच आठवड्यात सांगा, ठोसा शिकवायच्या आधी.

आणि एक विनंती. ‘स्वसंरक्षण’ हा शब्द जपून वापरा. ‘आता तुला कुणी हात लावणार नाही’ असं मुलीला सांगू नका. उद्या तिच्यावर प्रसंग आला आणि भीतीने तिचा हात उचलला गेला नाही, तर ती स्वतःलाच दोष देईल. लोक म्हणतील, शिकलेली होती ना, मग? अत्याचार थांबवण्याची जबाबदारी करणाऱ्याची, पोलिसांची, समाजाची आहे. ती मुलीच्या लाथेवर टाकून मोकळं होऊ नका. मुली खेळतात त्या खेळण्यासाठी. अंगात जोर येतो, मान वर होते, मोठ्याने ओरडता येतं, हे सगळं खरं. तो खेळाचा फायदा आहे, संरक्षणाची हमी म्हणून तो विकू नये.

शेवटी एका मुलीचं सांगते. नाव सांगत नाही. प्रवेशअर्जाला पालकांची सही, डॉक्टरचा दाखला आणि जन्मदाखला लागतो. तिचा जन्मदाखला घरात कुणी कधी काढलाच नव्हता. वडिलांनी दोन खेपा घालून तो आणला. पुढे चार महिन्यांनी तिच्यासाठी स्थळ आलं. मंडळी ऊसतोडीला जायच्या आधी उरकू म्हणाली. आत्या म्हणाली, मुलगी अठराची झालीय. तेव्हा त्या पोरीने स्वतः उठून पेटीतला दाखला आणला आणि सगळ्यांपुढे ठेवला. सोळा वर्षं दोन महिने. वडील म्हणाले, ‘हे कागद मीच काढलेत.’ त्या वर्षी लग्न झालं नाही. पुढच्या वर्षी काय होईल ते मला सांगता येत नाही. ती अजून सरावाला येते, एवढं खरं.

तेव्हा इथून जाताना तीन कामं घेऊन जाऊ या. आपापल्या गटातल्या प्रत्येक मुलीचा जन्मदाखला आहे का ते बघायचं. नसेल तर काढायचा, खेळो न खेळो. क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा जायचं आणि मुलींच्या सरावासाठी जागा आणि वेळ मागायची. तालमीची, शाळेची, समाजमंदिराची, कुठली का असेना. आणि लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे लक्षात ठेवून त्याला गाठायचं. १०९८ वरही फोन करता येतो.

बाकी लाथ कशी मारायची ते मला अजूनही येत नाही. परवा मुलींनी शिकवायचा प्रयत्न केला, तर कंबर धरली. पोरी पोट धरून हसल्या. त्यांना असं खदखदून हसताना मी बैठकीत कधी पाहिलं नव्हतं.