एक्स-रे वाचणारा संगणक

छातीचा एक्स-रे पडद्यावर येतो. मिनिटभरात फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यावर रंगीत ठिपका उमटतो आणि शेजारी आकडा: क्षयाची शक्यता किती. मुंबईच्या 'क्यूअर डॉट एआय'ची 'क्यूएक्सआर' प्रणाली अशीच चालते. 15 वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी अशा संगणकीय वाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये केली.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या जंगलातल्या पाड्यांना तर हे तंत्र वरदानच वाटेल. पण बालाघाट हा खाणींचा जिल्हा. भरवेली, उकवा इथलं मँगनीज प्रसिद्धच आहे. खडक फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसावर पडणारे व्रण कधीकधी थेट क्षयासारखे दिसतात. शहरी रुग्णांच्या फिल्मवर शिकलेला संगणक इथं फसला, तर जबाबदार कोण?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं मार्च 2023 मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी दहा नैतिक तत्त्वं जाहीर केली. रुग्णाची संमती, माहितीची गोपनीयता, भेदभावाला मज्जाव आणि चुकांबद्दलचं उत्तरदायित्व ही त्यांपैकी काही. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कायदा नव्हे. आणि खरी मेख तिथंच आहे.

तेव्हा श्रोतेहो, संगणकानं संशय दाखवला तर घाबरू नका, थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.